काठोकाठ चहा

बायको, बुरुल, वारल्यापासून तालाय सकाळचा चहा उभ्यानंच प्यायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभं राहून तो लहान किटलीतला कडक चहा ओतायचा, त्यावर उकळतं पाणी, त्यावर दूध, आणि प्याला काठापर्यंत भरायचा. एकदाच. पुन्हा पुन्हा कोण ओतत बसणार?

बुरुल होती तोवर त्यानं किटलीला कधी हात लावला नव्हता. ती समोर बसायची. तीन-चार घोटांपुरता चहा ओतून प्याला पुढं करायची. तो रिकामा करून परत द्यायचा, ती परत ओतायची. दोघांचं बोलणं व्हायचं ते त्या प्याल्याच्या येण्याजाण्यातच. काठोकाठ भरलेला प्याला त्यांच्या घरात एकदाच दिला गेला होता. बुरुलचा एक लांबचा मावसभाऊ दोन दिवसांसाठी म्हणून आला आणि महिना झाला तरी हलेना. एका दुपारी बुरुलनं त्याचा प्याला पार वरपर्यंत भरला. त्यानं प्याल्याकडं बघितलं, मुकाट्यानं चहा संपवला आणि संध्याकाळच्या गाडीनं नारीनला परत गेला. कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. शेजारच्या पोरालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की भरलेला प्याला म्हणजे पी आणि नीघ.

आता तालाय रोज सकाळी स्वतःला तसाच प्याला भरून द्यायचा, आणि हे त्याच्या लक्षातही यायचं नाही.

त्याचं ऑफिस बिश्केकमधल्या एका जुन्या इमारतीत होतं. पहिल्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली औषधाचं दुकान. माणसं चार. काम पडद्यांचं. बँकेत, दवाखान्यात, बसच्या तळावर जे पडदे उभे असतात, ज्यांवर बोट टेकवलं की नंबर मिळतो, त्यांची मांडणी हे लोक करायचे. कुठलं बटण कुठं, केवढं, कुठल्या रंगाचं, त्यावर काय लिहायचं. माणसाचं बोट कुठं जातं, कुठं अडखळतं आणि का अडखळतं, याच विचारात तालायची निम्मी हयात गेली होती. "पडद्यावर काहीच मुकं नसतं," असं तो सारखा म्हणायचा. "मोकळी सोडलेली जागासुद्धा काहीतरी सांगत असते." त्याचं दुसरं आवडतं वाक्य होतं, "वापरणारा कधी चुकत नाही. तो चुकला, तर आपली मांडणी चुकली."

पडद्यांवरचे शब्द लिहायच्या झुरा एजे. साठीला टेकलेल्या, आधी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासत. तालायपेक्षा थोरल्या, म्हणून तो त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणायचा आणि त्या त्याला अरे-तुरे करायच्या. त्यांचे शब्द सरळ असायचे. पण तालायला त्या हव्या होत्या त्या काही शब्दांसाठी नाही. ऑफिसात बुरुलचं नाव घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बाकीचे तो विषय आला की खिडकीबाहेर बघायचे. झुरा एजे मात्र सहज म्हणायच्या, "हा हिरवा रंग बुरुलला आवडला नसता हं," जशी काही बुरुल बाजारात गेली आहे आणि तासाभरात येईल. तेवढं ऐकलं की तालायचा दिवस पार पडायचा.

त्या शरदात त्यांच्याकडं एका दवाखान्याचं काम होतं. दारातच एक पडदा, त्यावर पेशंटनं कुठला डॉक्टर हवा ते सांगायचं आणि नंबर घ्यायचा. मीरिम, त्यांची तरुण डिझायनर, हिचं म्हणणं होतं की एका पानावर एकच प्रश्न असावा, माणूस गोंधळत नाही. झुरा एजेंचं म्हणणं होतं की सगळं एकाच पानावर दिसू दे, आपल्याला कुठं नेतायत ते माणसाला कळायला हवं. दोन्हींत तथ्य होतं. पण चर्चा म्हणून होतच नव्हती.

मीटिंगला बसलं की दारासमोरच्या मानाच्या खुर्चीवर झुरा एजे. पहिलं बोलणं त्यांचं, कारण त्या थोरल्या. त्यांचं बोलून झालं की एमिल म्हणायचा, "एजे म्हणतात ते बरोबरच आहे." एमिल प्रोग्रामर, तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मनाला येईल ते करायचा. मीरिम सगळ्यांत लहान, म्हणून चहा तिच्याकडं. ती किटली घेऊन सारखी उठबस करायची. तोंड उघडणार तेवढ्यात कुणाचा तरी रिकामा प्याला पुढं यायचा. मग बाहेर जिन्यात सगळे कुजबुजायचे. पडदा होता तिथंच. दवाखान्याच्या बाईंनी शुक्रवारपर्यंत काहीतरी नक्की सांगा म्हणून फोन केला होता.

त्याच सुमारास अल्माटीहून एक बाई डिझायनर लोकांचं शिबिर घ्यायला आली. माणसाचं मन मांडणीला कसं वळतं, असा विषय. तालायला त्यातलं बहुतेक ठाऊक होतं. माणूस ज्यावर आधीच खूण करून ठेवलेली असते तोच पर्याय घेतो, फार पर्याय दिले तर काहीच निवडत नाही, आणि शेवट कसा झाला तेवढंच लक्षात ठेवतो. पण शेवटी ती म्हणाली, "तुमचे सहकारीही वापरणारेच आहेत. तुमची मीटिंग हाही एक पडदाच आहे. कधी तपासून बघितलाय?"

हे त्याच्या डोक्यात बसलं. घरी येऊन कुणाला सांगावं, तर घरात कुणी नव्हतं. म्हणून त्यानं ते करूनच बघायचं ठरवलं.

त्यानं जुनं लांब टेबल जिन्याखाली ठेवलं आणि एक गोल टेबल आणलं. गोल टेबलाला मानाची जागा नसते. भिंतीवर दवाखान्याच्या पडद्याच्या मांडणीची दोनच चित्रं लावली, एक मीरिमचं, एक झुरा एजेंचं. प्रत्येकानं आधी आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं, मग सगळ्यांत लहान माणसानं पहिलं बोलायचं. सगळ्यांचं बोलून झाल्यावर कुणाची हरकत नसेल, तर ज्याला जास्त मतं तेच नक्की. आणि चहा मीरिमनं नाही ओतायचा. तिला बसून बोलता आलं पाहिजे. चहा तालाय स्वतः ओतणार.

गुरुवारी सकाळी सगळे आले. एमिलनं टेबलाभोवती एक फेरी मारली. तो आणि मीरिम तालायला आके, म्हणजे दादा, म्हणायचे.

"आके, यात बसायचं कुठून? सुरुवातच सापडत नाही."

"कुठूनही बस. तीच तर गंमत आहे."

"म्हणजे आज माझा मान मला मिळणार."

"तुझा मान कधीच नव्हता," झुरा एजे म्हणाल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या. मीरिम सवयीनं किटलीकडं निघाली. तालायनं तिला हातानं थांबवलं.

"आज मी."

तिघांनीही त्याच्याकडं बघितलं. त्याला बरं वाटलं. बदल लोकांच्या लक्षात येतोय. त्यानं पहिला प्याला झुरा एजेंचा घेतला. थोरल्यांचा पहिला, एवढं तरी त्यानं बदललं नव्हतं. कडक चहा, उकळतं पाणी, दूध. हात आपोआप चालला आणि चहा काठाला टेकला तेव्हाच थांबला. प्याला सांडू नये म्हणून त्यानं तो दोन्ही हातांनी अलगद त्यांच्यासमोर ठेवला.

झुरा एजेंनी प्याल्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

"हा मला?"

"तुम्हालाच, एजे. पहिला तुम्हालाच."

लहान किटली तेवढ्यात संपत आली. मीरिमला आणि एमिलला प्याल्याच्या तळाशी जेमतेम दोन-दोन घोट आले. "तुम्हाला थोडाच पुरला," तालाय म्हणाला. "चालेल ना?"

"चालेल," मीरिम हळू आवाजात म्हणाली. एमिलनं एकदम स्वतःच्या पायातल्या सपातांकडं बघायला सुरुवात केली.

त्यानंतरचं सगळं सुरळीत झालं. इतकं सुरळीत की तालायला स्वतःचंच कौतुक वाटलं. चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. मीरिम पहिली बोलली, आवाज कापत होता पण बोलली. एमिल म्हणाला, मीरिमचं बरोबर. मग सगळे झुरा एजेंकडं वळले.

"माझं काही म्हणणं नाही," झुरा एजे म्हणाल्या.

"हरकत?"

"कसली हरकत? नाही."

जे काम आठवडेच्या आठवडे अडलं होतं, ते चहा निवायच्या आत झालं. झुरा एजेंनी आपला प्याला शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, टेबलावर ठेवला, खाणंपिणं आटोपल्यावर करतात तसे दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले, "ओमीन," म्हणाल्या आणि उठल्या. तालाय मनात म्हणाला, वा, शेवटही छान झाला. माणसाला शेवटच लक्षात राहतो.

शुक्रवारी झुरा एजे आल्या नाहीत.

तालायला आधी वाटलं, सर्दी झाली असेल. मग दाराशी चपलांच्या मांडणीकडं त्याचं लक्ष गेलं. ऑफिसात घालायच्या सगळ्यांच्या सपाता तिथं असायच्या. झुरा एजेंच्या लाल लोकरी नमद्याच्या सपातांची जागा रिकामी होती. बाकी काही गेलं नव्हतं. पण सपाता घेऊन माणूस सर्दीसाठी जात नाही.

त्यानं फोन केला. उचलला नाही. मग त्यानं निरोप लिहायला घेतला. कसा लिहावा याचा त्यानं बराच विचार केला. प्रश्न एकच असावा. उत्तर द्यायला सोपं जावं. पर्याय दोनच. शेवटी त्यानं लिहिलं: "एजे, तुम्ही सुट्टीवर आहात की दुसरं काही आहे? काही कळवलं नाही तर सुट्टी समजतो." पाठवल्यावर त्याला ते बँकेच्या निरोपासारखं वाटलं, पण तोवर ते गेलं होतं.

उत्तर दुपारी आलं. "तुझं नान-मीठ खाल्लं, राग नाही. शब्द सगळे मीरिमकडं दिलेत. तब्येत सांभाळ."

तालायनं ते तीनदा वाचलं. सोपे शब्द होते. अर्थ लागेना.

एमिल त्या दिवशी घरून स्वतःचा झाकणवाला मग घेऊन आला होता. तालाय किटली घेऊन उभा राहिला तसा त्यानं झाकण घट्ट लावून टाकलं.

"नको आके, मला माझाच बरा."

"एमिल, एजे का गेल्या?"

"मी काय सांगणार?"

"तुला माहीत आहे?"

"आके, मला यात ओढू नका. झालं ते झालं. तुम्ही साहेब आहात, तुमचा अधिकार. एवढंच म्हणतो, की माझी पाळी आली तर मला तोंडी सांगा. मला ते शोभेचं काही नको."

"कसली पाळी? कसली शोभा?"

"बघा," एमिल म्हणाला, "परत तेच," आणि त्यानं कानात वायरी घातल्या.

मीरिम स्वयंपाकघरातल्या ओट्याशी होती. डोळे लाल दिसत होते.

"मीरिम, तू तरी नीट सांग. तुझी मांडणी नक्की झाली, तुला आनंद व्हायला हवा."

"मला असं जिंकायचं नव्हतं."

"असं म्हणजे कसं?"

"तुमचं आधीच ठरलं होतं ना? मग आमच्याकडून चिठ्ठ्या कशाला लिहून घेतल्या?"

"माझं काय ठरलं होतं?"

तिनं त्याच्याकडं असं बघितलं जसं मोठा माणूस खोटं बोलताना लहान पोर बघतं. "तालाय आके, मी इथं तुमच्याकडून शिकायला आले. पडद्यावर काहीच मुकं नसतं हे तुम्हीच शिकवलंत. आता मला विचारता?" आणि ती बाहेर गेली. प्याला तसाच ओट्यावर राहिला.

तालाय गोंधळला. तो काही मठ्ठ नव्हता. माणसं कुठं अडखळतात हे शोधून काढण्यावर त्याचं पोट चालत होतं. मग त्यानं तेच केलं जे पडदा चालेनासा झाला की तो करायचा. दोघं घरी गेल्यावर तो गोल टेबलाशी बसला, प्रत्येकाच्या खुर्चीवर आळीपाळीनं. एमिलच्या खुर्चीवरून दार दिसत होतं. मीरिमच्या खुर्चीवरून भिंतीवरची दोन चित्रं. झुरा एजेंच्या खुर्चीवर तो जास्त वेळ बसला. तिथून खिडकी, हीटर, साखरेचं भांडं आणि त्याची स्वतःची रिकामी खुर्ची दिसत होती. चूक कुठंच दिसत नव्हती.

गोल टेबल असेल. त्यांचा मान गेला. की लहानाला आधी बोलू दिलं ते? की त्यांचं चित्र भिंतीवर खालच्या बाजूला लागलं होतं ते? त्यानं जिन्याखालून जुनं टेबल ओढून आणलं, त्याच्याकडं बघितलं आणि परत जिन्याखाली ढकललं. बुरुल असती तर त्यानं घरी जाऊन सगळं सांगितलं असतं आणि तिनं एका वाक्यात काय ते सांगून टाकलं असतं. ते वाक्य कुठलं असतं, याचाही तो विचार करत राहिला. काही सुचलं नाही. एवढंच कळत होतं, की सोमवारी ती सपातांची जागा रिकामीच राहिली, तर या चार भिंतींत बुरुलचं नाव कुणीच घेणार नाही.

रविवारी त्यानं बाजारातून गोल नान घेतले, एक डबा मिठाई घेतली आणि झुरा एजेंच्या घरी गेला. शहराच्या टोकाला नव्या वस्तीत त्यांचं घर, अंगणात सफरचंदाचं एकच झाड. दार त्यांनीच उघडलं.

"ये," त्या म्हणाल्या. आश्चर्य नाही, राग नाही. त्याला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. जेवणाच्या चादरीवर बोरसोक, कणकेचे तळलेले तुकडे, ओतले, जर्दाळूचा मुरंबा ठेवला, लोणी ठेवलं. मग समोर बसून चहा ओतला. प्याल्यात थोडासाच. त्यानं घेतला, प्यायला, परत दिला. त्यांनी परत थोडासा ओतला.

तालायला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण काय ते कळलं नाही. बुरुलच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला झुरा एजेंनीच दिवसभर लोकांना चहा दिला होता. तेव्हापासून असं समोर बसून कुणी त्याला चहा ओतला नव्हता.

"एजे, मी चुकलो," तो म्हणाला. "टेबल गोल करायला नको होतं."

"टेबल चांगलं होतं. माझ्या अंगावर दाराचा वारा येत नव्हता."

"मग मीरिमला आधी बोलायला लावलं म्हणून?"

"ते तर बरंच झालं. पोरीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. गोड आहे." त्यांनी प्याल्यासाठी हात पुढं केला. त्यानं दिला.

"मग तुमचं चित्र? मी खाली लावलं होतं."

"तालाय, मी काय शाळेतली आहे?"

"मग काय, एजे? एमिल झाकणाचा मग घेऊन येतो. मीरिम माझ्याशी बोलत नाही. सगळ्यांना माहीत आहे आणि मला एकट्याला माहीत नाही. मी तुमच्या खुर्चीवर बसूनसुद्धा बघितलं."

झुरा एजेंनी किटली खाली ठेवली. "तू खरंच विचारतोयस?"

"खरंच विचारतोय."

"माझा प्याला तू काठोकाठ भरलास."

तालायनं हातातल्या प्याल्याकडं बघितलं. त्याच्या तळाशी दोन घोट चहा होता.

"पोरांना दोन-दोन घोट," त्या म्हणाल्या, "आणि मला वरपर्यंत. सगळ्यांच्या देखत. कधी नव्हे ते स्वतः उठून, दोन्ही हातांनी. मी विचारलंसुद्धा, हा मला? तर म्हणालास, तुम्हालाच. मग मी काय समजायचं?"

"किटली संपली होती," तालाय म्हणाला. "पोरांसाठी पुरला नाही."

"तू मोकळी जागासुद्धा मोजून ठेवणारा माणूस. त्या दिवशी टेबल नवं, बोलायचा क्रम नवा, चिठ्ठ्या नव्या, सगळं विचार करून मांडलेलं. त्यात प्याला तेवढा चुकून भरला असं कोण मानेल? मीरिमही मानणार नाही."

"पण मी मुद्दाम नाही भरला."

"मग कसा भरलास?"

तालायनं आपला प्याला खाली ठेवला. त्याचं त्यालाच उत्तर शोधावं लागलं. त्याला स्वतःचा हात आठवला, खिडकीपाशी, सकाळचा.

"मी घरी तसाच भरतो," तो म्हणाला.

"कुणाला?"

"मला. एकटाच असतो. एकदाच भरतो, उभ्यानं पितो. हाताला तेच वळण लागलंय."

झुरा एजेंनी मुरंब्याची वाटी त्याच्याकडं लोटली. बाहेर कुणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं.

"म्हणजे रोज सकाळी तू स्वतःलाच घराबाहेर काढतोस की रे," त्या म्हणाल्या.

तालायला हसू आलं. त्यानं बोरसोक उचलला आणि परत ठेवला.

"बुरुलनं बघितलं असतं तर किटली डोक्यात घातली असती तुझ्या."

"घातली असती," तो म्हणाला. मग, जरा वेळानं, "चूक माझीच आहे, एजे. वापरणारा कधी चुकत नसतो."

"मी वापरणारी नाही. मी झुरा आहे." त्यांनी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं किटलीचं झाकण पुसलं, उगाचच. "आणि थोडी मीही चुकले. एमिल येता-जाता म्हणतो, आता शब्द मशीनच लिहितं. त्यात माझं वय हे असं. मी कधीपासून वाटच बघत होते कुणीतरी जा म्हणायची. भरलेला प्याला समोर आला, आणि मला वाटलं, आला. तोंडानं विचारायला काय झालं होतं मला? माझं म्हणणं होतं ना त्या पडद्यावर. ते मी चहाबरोबर गिळून टाकलं."

"काय म्हणणं होतं?"

"मीरिमचं बरोबर आहे. एका पानावर एकच प्रश्न. पण माणूस चुकीच्या पानावर गेला तर परत कसा येणार? तिच्या पानांवर मागं यायचं काही नाहीच. म्हातारं माणूस तिथं उभं राहील आणि त्याला वाटेल, आपल्यालाच काही कळत नाही. मग नंबर न घेताच घरी जाईल."

"हे तुम्ही बोलला का नाहीत?" असं तालाय म्हणणार होता. त्याऐवजी त्यानं उरलेला चहा संपवला.

झुरा एजेंनी किटली त्याच्यापुढं सरकवली. "ओत."

"मी?"

"मग कोण, एमिल?"

त्यानं त्यांचा प्याला घेतला. कडक चहा, पाणी, दूध. हात वर वर चालला.

"बस्स," झुरा एजे म्हणाल्या.

"एवढाच?"

"एवढाच."

"पण हा तर दोन घोटांत संपेल."

"मग परत ओतशील."

तो प्याल्याकडं बघत राहिला. इतकी वर्षं हाच प्याला त्याच्यापुढं येत होता, आणि किती ओतायचा हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. झुरा एजे प्यायल्या आणि प्याला परत दिला. त्यानं ओतला, या वेळी फारच कमी. त्या हसल्या. "हा काय चिमणीला दिलास?" पुढचा जास्त झाला. त्याचा पुढचाही. नक्की किती, हे त्याला निघेपर्यंत समजलं नाही.

सोमवारी तो ऑफिसात आला तेव्हा लाल सपाता आपल्या जागी होत्या. मीरिम आणि एमिल त्याच्याआधी आलेले, दोघं काहीतरी कुजबुजत होते, त्याला बघून गप्प झाले. झुरा एजेंनी त्यांना काय सांगितलं होतं, किती सांगितलं होतं, ते तालायला कळलं नाही. एमिलच्या मगाचं झाकण अजून होतं, पण उघडं होतं.

सगळे गोल टेबलाशी बसले. दवाखान्याच्या बाईंना त्यानं अजून दोन दिवस मागून घेतले होते. मीरिम किटलीकडं निघाली आणि मध्येच थांबली. तिला आता कुणाचं काम काय आहे तेच समजेना. तालायलाही समजेना.

"तोच ओतेल," झुरा एजे म्हणाल्या. "शिकतोय तो."

तालायनं झुरा एजेंचा प्याला घेतला. त्याला जाणवलं, की तिघांचेही डोळे त्याच्या हातावर आहेत. वीस वर्षं तो लोकांच्या हातांकडं बघत आला होता, त्याच्या हाताकडं असं कुणी कधी बघितलं नव्हतं. चहा गेला, पाणी गेलं, दूध गेलं, चहा प्याल्याच्या निम्म्यावर आला, निम्म्याच्या वर चढला.

"बस्स!" तिघंही एकदम म्हणाले.

तो थांबला. जरा जास्तच झाला होता की बरोबर होता, हे त्याला कळेना. त्यानं प्याला झुरा एजेंपुढं ठेवला. त्यांनी त्यात डोकावून बघितलं, मग मीरिमकडं वळल्या.

"हं, पोरी. तुझ्या त्या पानांवरून परत यायचं कसं, ते मला आधी सांग."

मीरिम बोलायला लागली. झुरा एजेंनी चहा संपवला आणि, तिच्याकडंच बघत, रिकामा प्याला तालायपुढं धरला.